मासा मेला तर बातमी होते. पिल्लू वाढलंच नाही तर?

उजनीच्या काठावर मेलेले मासे तरंगू लागले की त्याचे व्हिडिओ लगेच मोबाईलवर फिरतात. पाण्यातला ऑक्सिजन संपला आणि मासे गुदमरले, हे कारणही पटकन समजतं. पण प्रदूषणाचा आणखी एक परिणाम असतो, ज्याचा व्हिडिओ निघत नाही. त्यात मासा मरत नाही. पिल्लाची वाढ बिघडते, नर पुरता नर राहत नाही, अंडी कमी होतात आणि काही वर्षांनी जाळं हलकं येऊ लागतं. हे घडवतात संप्रेरकांच्या, म्हणजे हार्मोनच्या, कामात ढवळाढवळ करणारी रसायनं.

ही रसायनं नेमकी करतात काय?

शरीरातल्या ग्रंथी रक्तात अगदी थोडी संप्रेरकं सोडतात. प्रत्येक संप्रेरक म्हणजे एक किल्ली, आणि पेशीवर तिचं ठरलेलं कुलूप. काही रसायनं खोट्या किल्लीसारखी त्या कुलपात बसतात, काही कुलूप अडवून धरतात, तर काही खरी किल्ली तयारच होऊ देत नाहीत. गर्भनिरोधक गोळ्यांमधलं कृत्रिम इस्ट्रोजेन लघवीतून सांडपाण्यात येतं. काही डिटर्जंटपासून नोनिलफेनॉल तयार होतं, प्लास्टिकमधून बिस्फेनॉल ए आणि थॅलेट येतात. डीडीटी, क्लोरपायरीफॉस यांसारखी कीटकनाशकंही याच यादीत आहेत.

पिल्लांनाच जास्त धोका का?

उजनीतल्या चिलापीवरूनच हे समजतं. चिलापीच्या नुकत्या खाऊ लागलेल्या पिल्लांना साधारण ३ ते ४ आठवडे खाद्यातून नर-संप्रेरक दिलं, तर जवळजवळ सगळी पिल्लं नर होतात. नर लवकर वाढतो, म्हणून अनेक देशांतल्या चिलापीच्या बीज केंद्रांत हीच पद्धत वापरतात. पूर्ण वाढलेल्या माशावर याचा असा परिणाम होत नाही. मत्स्यजिरे, मत्स्यबीज आणि बोटुकली या वाढीच्या पायऱ्या आहेत. नर की मादी, डोळे, नाक, पोहण्याची ताकद हे सगळं सुरुवातीच्या थोड्याच दिवसांत ठरतं. तेव्हा चुकीचा संदेश मिळाला, तर तो पुढे सहसा दुरुस्त होत नाही.

समुद्रातल्या पिल्लांचं काय होतं?

कोकणात मिळणारा चपटा लेप मासा जन्मतः इतर माशांसारखाच असतो, दोन बाजूंना दोन डोळे. वाढताना एक डोळा सरकत दुसऱ्या बाजूला जातो. हा बदल घडवतं थायरॉइडचं संप्रेरक. प्रवाळ बेटांवरच्या सर्जनफिशची पिल्लंही अशीच खुल्या समुद्रातून जवळजवळ पारदर्शक रूपात येतात आणि काही दिवसांत त्यांच्यावर पट्टे उमटतात. फ्रेंच पॉलिनेशियातल्या मोरेआ बेटावर केलेला अभ्यास २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. पाण्यात क्लोरपायरीफॉस मिसळल्यावर या पिल्लांमधलं थायरॉइड संप्रेरक कमी झालं, वास, दृष्टी आणि हालचाल ओळखणाऱ्या इंद्रियांची वाढ खुंटली आणि ती शिकारी माशांना सहज सापडू लागली. म्हणजे विषानं ती थेट मेली नाहीत. धोका वेळेवर ओळखता न आल्यानं मेली.

गोड्या पाण्यात असं घडतं का?

घडतं. कॅनडाच्या ओंटारिओ प्रांतात संशोधकांनी एका तळ्यात २००१ ते २००३ या ३ वर्षांत कृत्रिम इस्ट्रोजेन सोडलं. प्रमाण होतं लिटरमागे ५ ते ६ नॅनोग्रॅम, आणि एक नॅनोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा अब्जावा भाग. नर माशांच्या शरीरात अंड्याच्या बलकाचं प्रथिन तयार होऊ लागलं, आणि फॅटहेड मिनो ही लहान माशाची जात त्या तळ्यातून जवळजवळ संपली. रसायन थांबवल्यावर काही वर्षांनी ती पुन्हा सावरली. नुकसान मोठं होतं, पण कायमचं नव्हतं.

उजनीपर्यंत काय येतं?

भीमेवरचं उजनी धरण १९८० मध्ये पूर्ण झालं. त्याचा फुगवटा इंदापूर तालुक्यात भिगवणपर्यंत आणि त्याच्याही वर पसरतो. पिंपरी-चिंचवडमधून येणारी पवना मुळेला मिळते, पुण्यातून मुळा-मुठा पुढे जाऊन भीमेला मिळते, आणि इंद्रायणी तुळापूरला. या नद्यांबरोबर शहरांचं सांडपाणीही उजनीत उतरतं. बारामतीची कऱ्हा नीरेला मिळते आणि नीरा नीरा नरसिंहपूरला, धरणाच्या खाली, भीमेला. या सगळ्या पट्ट्यात ऊस आहे, आणि उसात वाळवीसाठी क्लोरपायरीफॉस वापरतात. रोहू, कटला, मृगळ हे मासे पावसाळ्यात, वाहत्या पाण्यात अंडी घालतात. शेतातली औषधं ओढ्यात येतात तीही याच दिवसांत. म्हणजे नेमकं पिल्लं सगळ्यात नाजूक असतात तेव्हाच.

मग करायचं काय?

सांडपाणी प्रकल्प उभा राहिला की प्रश्न मिटला, असं नाही. साधे प्रकल्प मैला आणि सेंद्रिय घाण काढण्यासाठी बांधलेले असतात; अशा रसायनांचा काही भाग त्यातून निसटतो. त्यासाठी ओझोन किंवा सक्रिय कार्बनची आणखी एक पायरी लागते. स्वित्झर्लंडनं २०१६ पासून निवडक प्रकल्पांना ती कायद्यानं बंधनकारक केली. क्लोरपायरीफॉसचा समावेश २०२५ मध्ये स्टॉकहोम कराराच्या बंदीच्या यादीत झाला, काही सवलती ठेवून.

तोवर गावपातळीवरही काही करता येतं. शिफारशीपेक्षा जास्त औषध टाकू नये, पाऊस तोंडावर असताना फवारणी करू नये, पंप आणि डबे ओढ्यात धुऊ नयेत, जुनी औषधं संडासात ओतू नयेत.

आणि तपासणी कठीण नाही. नर माशाच्या रक्तात बलकाचं प्रथिन सापडलं, तर पाण्यात इस्ट्रोजेनसारखं काहीतरी आहे हे कळतं. मत्स्यबीज सोडताना किती लाख बोटुकली सोडली, हा आकडा सांगितला जातो. त्यातली किती मोठी झाली आणि त्यांनी अंडी धरली का, हेही मच्छीमारांनी विचारायला हवं. त्यांचं पुढच्या वर्षांचं जाळं त्याच उत्तरावर भरणार आहे.