ग्रॅम पार्सन्स : एक अमेरिकन गायक-कवि

श्रीमंताच्या मुलानें गरिबांचीं गाणीं गावींत, हा प्रकार जगांत नवा नाहीं. परंतु तीं गातां गातां त्यानें परस्परांकडे पाठ फिरवून बसलेल्या दोन समाजांस एका सुरांत आणण्याचा हट्ट धरावा, आणि हयातींत त्याचें फारसें कोणीं ऐकूं नये, हें मात्र क्वचित् घडतें. ग्रॅम पार्सन्सचें चरित्र आम्हांस विचारार्ह वाटतें तें यासाठींच.

५ नोव्हेंबर १९४६ रोजीं फ्लॉरिडांतील विंटर हेवन येथें तो जन्मला. मूळ नांव इंग्रॅम सेसिल कॉनर. आईच्या माहेरीं संत्र्या-मोसंब्यांच्या विस्तीर्ण बागा. बाप महायुद्धांतला वैमानिक, पुढें जॉर्जियांतील वेक्रॉस गांवीं सासरच्यांच्या खोक्यांच्या कारखान्याचा व्यवस्थापक. घरांत पैसा होता आणि दारूहि होती. १९५८ च्या नाताळाच्या तोंडावर बापानें आत्महत्या केली, तेव्हां मुलगा बारा वर्षांचा होता. १९६५ च्या जूनमध्यें, त्याच्या शाळेच्या पदवीदानाच्याच दिवशीं, आईहि मद्यपानानें खंगून वारली. पार्सन्स हें आडनांव सावत्र बापाचें. त्याच्या गळ्यांत जो कंप आहे तो रियाजानें येणारा नव्हे.

वेक्रॉस येथेंच फेब्रुवारी १९५६ मध्यें त्यानें एल्व्हिस प्रेस्लीस प्रत्यक्ष ऐकलें. गोऱ्या खेडुतांचें कंट्री गाणें आणि नीग्रो गायकांचें ब्लूज यांची गांठ एल्व्हिसनें घातली होती. हा संस्कार त्या नऊ वर्षांच्या मुलावर कायमचा राहिला. पुढें लोकगीतांची टोळी झाली, धर्मशास्त्र शिकण्यासाठीं हार्वर्डची एक सहामाही झाली, आणि पुस्तकें मिटून तो ‘इंटरनॅशनल सबमरीन बँड’ घेऊन बसला. बक ओवेन्स व मर्ल हॅगार्ड यांच्या तबकड्यांचा त्यास नाद लागला तो याच दिवसांत.

हा नाद त्या काळीं साधा नव्हता. व्हिएटनामच्या युद्धानें देशाचीं दोन शकलें झालीं होतीं. लांब केसांच्या तरुणांस कंट्री संगीत म्हणजे दक्षिणेंतल्या कर्मठांची मिरास वाटे. आणि त्या संगीताच्या श्रोत्यांस हे तरुण म्हणजे धर्मबुडवे. १९६८ सालीं पार्सन्स ‘बर्ड्स’ या ख्यातनाम रॉक मंडळींत शिरला आणि त्यांस थेट नॅशव्हिलला घेऊन गेला. १९२५ पासून चाललेल्या ‘ग्रँड ओल ऑप्री’ या नभोवाणी-कार्यक्रमांत त्यांस गावयास मिळालें. श्रोत्यांनीं हुर्यो केली. ठरल्याप्रमाणें दुसरें गाणें हॅगार्डचें व्हावयाचें. पार्सन्सनें ऐन वेळीं तें बदलून आपलें ‘हिकरी विंड’ आजीस अर्पण करून गाइलें. चालक संतापले. शिष्टाचाराच्या दृष्टीनें चूक त्याचीच. पण त्या सभेंत आजीचें नांव घेणें याहून शुद्ध कंट्री रीत दुसरी कोणती असेल, असें आम्हांस वाटल्यावांचून राहत नाहीं.

‘स्वीटहार्ट ऑफ द रोडिओ’ ही तबकडी त्याच वर्षीं निघाली. तींतील त्याच्या आवाजाचा कांहीं भाग काढून रॉजर मॅग्विनचा घातलेला होता. तत्पूर्वींच, जुलैमध्यें, दक्षिण आफ्रिकेंतील वर्णभेदाचें कारण सांगून त्यानें तेथील दौऱ्यास नकार दिला आणि मंडळी सोडली. रोलिंग स्टोन्सच्या सहवासाची ओढ हेंच खरें कारण, असा सोबत्यांचा संशय होता. दोन्ही खरीं असूं शकतील. मनुष्याचे हेतु एकेकटे चालत नाहींत.

पुढील वर्षीं क्रिस हिलमनसह काढलेल्या ‘फ्लाइंग बरीटो ब्रदर्स’च्या ‘द गिल्डेड पॅलेस ऑफ सिन’ या तबकडींत त्याचें मनोगत खरें उतरलें. नीग्रो गायकांनीं गाजविलेलीं दोन प्रेमगीतें त्यानें पेडल स्टील गिटारच्या करुण साथीवर गाइलीं, आणि तीं परकीं वाटत नाहींत. खप अगदींच थोडा झाला. वार्षिक उत्पन्न घरबसल्या येत होतें, म्हणून मेहनतीची निकड नव्हती. व्यसनें मात्र वाढत चाललीं. वारशाच्या पैशानें त्याची कला पोसली कीं पोखरली? आमचा कौल दुसऱ्या बाजूस आहे.

१९७३ च्या ‘जीपी’ तबकडीसाठीं त्यानें खुद्द एल्व्हिसचे वादक पदरचे पैसे मोजून आणले, आणि सोबतीस एमिलू हॅरिस ही अप्रसिद्ध गायिका घेतली. तिच्या काटेकोर सुरानें त्याचा डळमळता सूर सांवरला जातो. या दोघांचीं युगुलगीतें आम्ही त्याच्या सर्व कृतींत श्रेष्ठ मानतों.

१९ सप्टेंबर १९७३ रोजीं कॅलिफोर्नियांतील जोशुआ ट्री येथें मॉर्फिन व मद्य यांनीं त्याचा अंत झाला. वय सव्वीस. सावत्र बापास त्याचें दफन लुइझियानांत करावयाचें होतें. पण पार्सन्सच्या इच्छेस स्मरून मित्र फिल कॉफमन यानें एका सोबत्यासह विमानतळावरून शवपेटी पळविली आणि वाळवंटांत पेट्रोल ओतून तिला अग्नि दिला. प्रेत चोरण्याविरुद्ध कायदा नसल्यानें दंड झाला तो पेटीच्या चोरीबद्दल! अर्धवट जळलेले अवशेष अखेर न्यू ऑर्लिन्सजवळ पुरण्यांत आले.

‘ग्रीव्हस एंजल’ ही तबकडी जानेवारी १९७४ मध्यें, तो गेल्यावर, निघाली. एमिलू हॅरिस हिनें त्याचीं गाणीं पुढें कित्येक वर्षें गाऊन नॅशव्हिलच्या गळीं उतरविलीं. १९८५ सालीं तिनें या सहवासाच्या आधारें ‘द बॅलड ऑफ सॅली रोझ’ हें कथासूत्र असलेलें गीतसत्र रचलें. तेंहि फारसें खपलें नाहीं.