शिराळ्याचा नाग आणि मानसिक विकाराची व्याख्या

१/ सांगली जिल्ह्यातील शिराळा, अर्थात बत्तीस शिराळा, नागपंचमीसाठी सर्वदूर प्रसिद्ध आहे. पिढ्यान् पिढ्या येथे श्रावण शुद्ध पंचमीला जिवंत नागाची पूजा होत असे. सणापूर्वी गावकरी रानातून नाग धरून आणत, मडक्यात जपून ठेवत आणि पूजेनंतर पुन्हा रानात सोडून देत.

२/ या प्रथेमागची आख्यायिका गोरक्षनाथांची आहे. ते महाजनांच्या घरी भिक्षेला आले, तेव्हा घरातील स्त्री मातीच्या नागाची पूजा करीत होती. भिक्षेला उशीर झाला; कारण कळल्यावर नाथांनी तो मातीचा नागच जिवंत केला, असे सांगतात.

३/ हेच कृत्य मुंबईतील एखाद्या इमारतीत कोणी एकट्याने केले, तर शेजारी त्याला वेड्यात काढतील. शिराळ्यात मात्र तो गावाचा मान होता. वर्तन एकच, निवाडे दोन. मग मानसशास्त्र एखाद्या वर्तनाला ‘अपसामान्य’ म्हणते ते कशाच्या आधारे?

४/ पहिला निकष सांख्यिकीय: जे विरळ, ते अपसामान्य. परंतु बुद्धिगुणांक ७० च्या खाली असणारे जितके थोडे, साधारण तितकेच १३० च्या वर असणारेही थोडे. दुसऱ्या गटाला कोणी विकारग्रस्त मानत नाही. केवळ विरळपणा म्हणजे विकार नव्हे.

५/ दुसरा निकष सामाजिक संकेतांचा: जे रूढीबाहेर, ते अपसामान्य. या निकषाचा इतिहास भयावह आहे. १८५१ मध्ये सॅम्युएल कार्टराइट या अमेरिकी डॉक्टराने गुलामांच्या पळून जाण्याला ‘ड्रेपटोमेनिया’ नावाचा आजार ठरवले. स्वातंत्र्याची ओढ हेच रोगाचे लक्षण झाले!

६/ समलैंगिकताही अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांच्या अधिकृत यादीत विकार म्हणून नोंदलेली होती. १९७३ मध्ये ती वगळण्यात आली. त्या माणसांत रातोरात काही बदलले नव्हते. बदलली ती व्याख्या.

७/ आपल्याकडे काय होते? १८४८ मध्ये साताऱ्याचे राज्य खालसा झाले. शिराळा तेव्हा सातारा जिल्ह्यातच होते. दहा वर्षांनी, १८५८ मध्ये, ब्रिटिश हिंदुस्थानासाठी वेड्यांच्या इस्पितळांचा कायदा आला. मोकाट भटकणाऱ्या आणि वेडसर वाटणाऱ्या माणसाला पोलिसांनी पकडून दंडाधिकाऱ्यापुढे उभे करावे, अशी त्यात तरतूद होती. तेथून इस्पितळाच्या भिंती फार दूर नव्हत्या.

८/ १९१२ च्या कायद्यानेही ‘वेडा’ म्हणजे जन्मतः मतिमंद किंवा विकल मनाची व्यक्ती, इतकीच व्याख्या केली. ‘विकल’ म्हणजे नेमके काय, याचे उत्तर त्या व्याख्येत नाही. व्याख्या जितकी सैल, तितका ठरवणाऱ्याचा अधिकार मोठा.

९/ आधुनिक मानसशास्त्र म्हणूनच वेगळे प्रश्न विचारते. व्यक्तीला क्लेश होतात का? तिचे काम, नाती, दिनक्रम कोलमडले आहेत का? तिच्या विचारांत, भावनांत किंवा वर्तनात खरोखर काही बिघाड आहे का? जेरोम वेकफील्ड यांनी १९९२ मध्ये याचे सूत्र मांडले: विकार म्हणजे ‘हानिकारक बिघाड’. नुसती हानी पुरत नाही, नुसता बिघाडही पुरत नाही.

१०/ येथे नाग पुन्हा उपयोगी पडतो. सापाची भीती भयगंड केव्हा ठरते? अमेरिकी मनोविकार नियमावलीच्या २०१३ च्या आवृत्तीनुसार ती प्रत्यक्ष धोक्याच्या, आणि त्या व्यक्तीच्या सामाजिक-सांस्कृतिक परिस्थितीच्याही मानाने अवाजवी असावी लागते. म्हणजे माणूस कोठे राहतो, हे निदानाला विचारावेच लागते.

११/ ‘अंगात येणे’ याचेही तसेच. जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणानुसार अशी अवस्था इच्छेविरुद्ध येत असेल आणि सर्वमान्य धार्मिक वा सांस्कृतिक प्रथेचा भाग नसेल, तरच तिचा विचार विकार म्हणून होतो.

१२/ तथापि संस्कृतीची ढाल करून दुःख झाकता येत नाही. आजारी माणसाला ‘बाहेरची बाधा’ म्हणून साखळीने बांधणे, चाबकाने मारणे, मिरचीची धुरी देणे हे महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा ठरवले. निरोगी माणसाला वेडा ठरवणे हा जसा अन्याय, तसाच आजारी माणसाला उपचार नाकारणे हाही अन्यायच.

१३/ २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने ही दोन्ही टोके सांभाळली. विचार, भावस्थिती, आकलन, भान किंवा स्मृती यांतील असा गंभीर बिघाड, ज्यामुळे निर्णयशक्ती, वास्तवाची जाणीव किंवा दैनंदिन जीवन ढासळते, तो मानसिक आजार. आणि कोणी समाजाची नैतिक, सांस्कृतिक वा धार्मिक मूल्ये पाळत नाही, एवढ्यावरून त्याला आजारी ठरवता येणार नाही, हेही कायद्यात स्पष्ट लिहिले.

१४/ शिराळ्यातील जिवंत नागांची पूजा पुढे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे आणि उच्च न्यायालयाच्या आदेशांमुळे थांबली. तो निवाडा नागाच्या रक्षणाचा होता. गावकऱ्यांच्या मनाविषयी त्यात काही म्हटलेले नव्हते. बेकायदा, रूढीबाहेरचे आणि विकारग्रस्त हे तीन वेगळे शब्द आहेत. ते एक मानले गेले, तेव्हा तेव्हा कोणीतरी निरपराध माणूस कोंडला गेला.