अमळनेरचा शेअर आणि आपली घाई

अंधेरी-कुर्ला रस्त्यावरच्या एका इमारतीत, दुसऱ्या मजल्यावरच्या ऑफिसात, अम्मीने हजसाठी साठवलेले दीड लाख रुपये भरले. तिला तिथे घेऊन जाणारा मीच. भिंतीवर आयत होती, पावतीवर ‘हलाल मुनाफा’ छापलेले होते आणि दरमहा तीन टक्क्यांचा वादा होता. अकरा महिने साडेचार हजार रुपये येत राहिले. बाराव्या महिन्यात शटर खाली आले ते आलेच. दरमहा तीन टक्के म्हणजे वर्षाला छत्तीस टक्के, हा हिशेब मला येत नव्हता असे नाही. तो करावासा वाटला नाही.

तेव्हापासून आमच्या घरात ‘शेअर’ हा शब्द निघाला की अम्मी म्हणते, “जुगार आहे तो, बाबा.” तिला उत्तर म्हणून मी एक गोष्ट सांगतो. ती आपल्याच महाराष्ट्रातली आहे.

जळगाव जिल्ह्यातले अमळनेर म्हणजे बोरी नदीकाठचे खानदेशी गाव. साने गुरुजी इथल्याच प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक होते. आजूबाजूला कापूस आणि भुईमूग. डिसेंबर 1945 मध्ये मोहम्मद हाशम प्रेमजी यांनी इथे वनस्पती तूप करणारी कंपनी काढली. तिचे नाव वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स. प्रेमजी मूळचे तांदळाचे व्यापारी. त्यांचा मुलगा अझीम याचा जन्म त्याच वर्षी जुलैत मुंबईत झाला, म्हणजे मुलगा आणि कंपनी एकाच वयाची. ‘सनफ्लॉवर’ वनस्पती आणि ‘787’ नावाचा कपडे धुण्याचा साबण ही कंपनीची ओळख. शेअरची दर्शनी किंमत 100 रुपये होती आणि घेणाऱ्यांत गावचे शेतकरी, दुकानदार, नोकरदारही होते. कारखाना त्यांच्या डोळ्यांसमोर होता. त्याचे धुराडे दिसत होते, त्याचा साबण घरात वापरला जात होता.

ऑगस्ट 1966 मध्ये प्रेमजी वारले. अझीम तेव्हा 21 वर्षांचा होता आणि अमेरिकेत स्टॅनफर्डला इंजिनिअरिंग शिकत होता. शिक्षण अर्धे टाकून तो परत आला. पहिल्याच वार्षिक सभेत एक भागधारक उभा राहिला आणि म्हणाला की हे तुझे काम नव्हे, हिस्सा विकून टाक आणि कंपनी जाणत्या माणसाच्या हाती दे. हा प्रसंग अझीम प्रेमजींनी स्वतःच पुढे अनेकदा सांगितला आहे. मला तो भागधारक आवडतो. सभेला येणे, तोंडावर प्रश्न विचारणे हे मालकाचे लक्षण आहे. अम्मीच्या पावतीवर असा प्रश्न विचारायची जागाच नव्हती.

पुढचा इतिहास बराच जणांना ठाऊक आहे. तूप आणि साबण यांच्यापाठोपाठ कंपनी हायड्रॉलिक सिलिंडरकडे वळली. 1977 साली परदेशी भांडवलाच्या नियमांवरून आयबीएमने भारतातून बाहेर पडायचे ठरवले आणि संगणकाच्या धंद्यात मोठी जागा रिकामी झाली. 1980च्या सुमारास तेलवाली कंपनी त्या जागेत शिरली. नाव आखूड होऊन ‘विप्रो’ झाले. अमळनेरच्या लोकांच्या पेटीतला कागद मात्र तोच होता. 1997 साली एका शेअरवर दोन बोनस मिळाले, म्हणजे एकाचे तीन झाले. 1999 साली एकाचे पाच तुकडे झाले, म्हणजे पंधरा. 2004 साली पुन्हा एकावर दोन, म्हणजे पंचेचाळीस. 2005 साली एकावर एक, म्हणजे नव्वद. आठ-नऊ वर्षांत एकाचे नव्वद, आणि त्याआधीचे बोनस वेगळेच. अमळनेरला ‘करोडपतींचे गाव’ म्हणतात ते यामुळे.

इथे थांबलो तर गोष्ट गोड होईल, पण अपुरी राहील. सब्र केला की फळ मिळते, एवढाच धडा घेतला तर आपण पुन्हा फसू.

गिरणगावात मुंबईच्या गिरण्यांचे शेअर बापाकडून मुलाकडे आले. त्या लोकांनीही सब्र केला होता. 1982च्या संपानंतर गिरण्या एकेक करून बंद पडल्या आणि किती तरी कागद रद्दी झाले. कंपनी बदलत्या काळाबरोबर बदलली नाही तर भागधारकाच्या धीराला काही अर्थ उरत नाही.

विप्रोचाही शेअर फेब्रुवारी 2000 मध्ये 9,000 रुपयांच्या वर गेला होता. त्या गर्दीत शिरलेल्यांचा बहुतेक पैसा दोन वर्षांच्या आत गळाला आणि मुद्दल परत दिसायला कित्येक वर्षे गेली. कंपनी तीच, कारखाने तेच. फरक फक्त कुठल्या भावाला घेतले याचा.

मुंबईने हा वेडेपणा त्याआधीही पाहिला होता. 1861 ते 1865 अमेरिकेत यादवी चालू होती, तिथला कापूस इंग्लंडला जाईना, आणि इथल्या कापसाला सोन्याचा भाव आला. हाती आलेला पैसा बँका आणि भरणी कंपन्यांच्या शेअरांत ओतला गेला. बॅक बे भरणी कंपनीचा पाच हजारांचा शेअर पन्नास हजारांच्या घरात पोहोचला. समुद्र हटायचाच होता, भाव मात्र आधीच चढला. युद्ध संपले, कापूस उतरला, आणि 1 जुलै 1865 हा वायद्यांचा हिशेब चुकता करायचा दिवस अनेक पेढ्यांना कायमचा घेऊन गेला. त्या बाजाराचा बादशहा प्रेमचंद रायचंदही कोसळला. त्याच्या देणगीतून उभा राहिलेला राजाबाई टॉवर आपण फोर्टात आजही पाहतो.

माणूस तोच आहे. शेजाऱ्याला मिळाले, मग मला का नाही, हे 1865 साली फोर्टात चालले, 2000 साली दलाल स्ट्रीटवर चालले आणि अंधेरीत माझ्या मनातही चालले.

आता आपल्या वाचकांसाठी थोडे वेगळे. कुठला शेअर जायज आणि कुठला नाही, कर्ज आणि व्याजाची मर्यादा किती, यावर उलेमांत चर्चा आहे. मी मुफ्ती नाही, ते त्यांनाच विचारावे. पण एक गोष्ट मला अम्मीचे पैसे गेल्यावर कळली. हजरत खदीजा यांनी आपला माल व्यापारासाठी सोपवला तो नफ्यातल्या वाट्यावर. मुदारबतचे तत्त्व तेच आहे. नफा झाला तर वाटा, तोटा झाला तर भांडवल लावणाऱ्याने तो सोसायचा. दरमहा ठराविक तीन टक्क्यांची हमी देणाऱ्याने हे तत्त्वच मोडलेले असते, मग भिंतीवर काहीही लावलेले असो. जून 2019 मध्ये बेंगळुरूची आयएमए बुडाली तेव्हा हजारो मुस्लिम घरांना हाच धडा फार महागात मिळाला. अमळनेरच्या कागदावर कसलीच हमी नव्हती. तो हिस्सा होता, म्हणून तो प्रामाणिक होता.

अझीम प्रेमजींनी मार्च 2019 मध्ये आपल्या आणखी 34 टक्के शेअरांचे उत्पन्न दानासाठी लावले. एकूण दान 1.45 लाख कोटी रुपयांपर्यंत गेले आणि त्यातला मोठा भाग सरकारी शाळांतल्या शिक्षणासाठी आहे. खानदेशातल्या तुपाच्या डब्यापासून इथवर यायला त्र्याहत्तर वर्षे लागली.

अम्मीने हजसाठी पुन्हा पैसे बाजूला टाकायला सुरुवात केली आहे. परवा शेजारच्या बाईंनी दरमहा चार टक्के देणारी एक नवी ‘स्कीम’ आणली, तेव्हा अम्मीने चष्मा लावून कागद वाचला आणि विचारले, “यात तोटा झाला तर तो कोणाचा, ते कुठे लिहिलंय?”

बाई चहा न घेताच निघून गेल्या.