खडकीत रुजलेले ऑस्ट्रियन काडतूस

.३१५ बोर हा आकडा आपल्याकडे कुणाला समजावून सांगावा लागत नाही. उत्तरेकडच्या जमीनदाराच्या खांद्यावरची रायफल हीच, आणि गावठी कट्टा पकडल्याच्या बातमीत येणारे काडतूसही बहुधा हेच. या रायफलीचा साचा इंग्रजांच्या ली-एनफिल्डचा आहे, हे पाहताक्षणी कळते. पण काडतूस इंग्रजी नाही. मापांची दोन कोष्टके शेजारी ठेवून वाचताना माझ्या ते लक्षात आले आणि तेव्हापासून या विषयाने मला सोडलेले नाही. पितळी नळकांड्याची लांबी, खांद्याचा उतार, बुडाची कडा यांतले काहीही घ्या, भारतीय .३१५ म्हणजे ऑस्ट्रिया-हंगेरीच्या फौजेचे ८×५०आर मानलिखर काडतूस आहे. १९१४ साली सर्बियावर चालून गेलेल्या शिपायांच्या कमरेला हेच लटकत होते.

फर्डिनांड फॉन मानलिखर हा मूळचा रेल्वेचा अभियंता. त्याची १८८८ ची आठ मिलिमीटरची रायफल काळ्या दारूवर चालायची; १८९० मध्ये कमी धुराची दारू आली आणि हे काडतूस तयार झाले. गोळी २४४ ग्रेनची, म्हणजे सुमारे १५.८ ग्रॅम, जड आणि बोथट नाकाची. वेग सेकंदाला ६२० मीटरच्या आसपास. युरोपातली त्याची पुढची कथा थोडक्यात संपते: १९३० च्या दशकात ऑस्ट्रिया आणि हंगेरीने ८×५६आर हे लांब काडतूस स्वीकारले, जुन्या रायफली त्या मापाच्या करून घेतल्या आणि ८×५०आर मागे पडले.

मग ते भारतात कसे आले? नेहमीचे उत्तर असे, की इंग्रज सरकारने इथल्या नागरिकांना लष्करी मापाची शस्त्रे बाळगायला मनाई केली, इंग्रज फौजेची .३०३ बंद झाली आणि तिच्या जागी कारखानदारांनी .३१५ आणली. हे खरेच आहे, पण अपुरे आहे. ८×५०आर हेही लष्करी मापच होते, तेही एका मोठ्या साम्राज्याच्या चालू सैन्याचे. मनाई लष्करी मापाला असेल, तर याला दार उघडे कसे राहिले?

माझे म्हणणे असे, की त्या कायद्याला काडतुसाच्या जोराशी घेणे नव्हते. ते कुणाच्या कोठारातून येऊ शकते, एवढाच त्याचा प्रश्न होता. .३०३ छावणीतून चोरता येते, सरहद्दीवर विकता येते. ऑस्ट्रियाचे काडतूस पेशावरच्या किंवा बराकपूरच्या दारूगोळ्यात सापडणार नव्हते. म्हणजे ते बंडखोराला निरुपयोगी आणि म्हणून शिकाऱ्याला चालण्याजोगे.

याला मला सर्वांत भक्कम आधार वाटतो तो जिम कॉर्बेटच्या रायफलीचा. १९०७ मध्ये चंपावतची नरभक्षक वाघीण मारल्याबद्दल संयुक्त प्रांतांचे नायब राज्यपाल सर जॉन ह्यूएट यांनी त्याला रिग्बीची .२७५ भेट दिली. .२७५ म्हणजे ७×५७ माउझर. १८९९ ते १९०२ या काळात दक्षिण आफ्रिकेतल्या बोअर शेतकऱ्यांनी इंग्रज शिपायांना टिपले ते याच काडतुसाने! शत्रूने आपल्यावर वापरलेले लष्करी माप खुद्द प्रांताचा प्रमुख नाव कोरून बक्षीस देतो, कारण ते हिंदुस्थानातल्या सरकारी कोठारात नव्हते.

त्याच सुमारास .४५० मापाच्या मोठ्या शिकारी रायफलींवरही भारतात आणि सुदानात बंदी आली. कारण सांगितले जाते ते असे, की जुन्या लष्करी मार्टिनी-हेन्री रायफलीची गोळीही .४५० चीच, आणि अशा रायफली नको त्या हातांत बऱ्याच पसरल्या होत्या. एकाचे काडतूस दुसऱ्यात बसत नव्हते. फक्त गोळीचा व्यास मिळताजुळता होता. तरी बंदी आली, आणि लंडनच्या बंदूकवाल्यांनी तिला वळसा घालायला .४६५, .४७०, .४७५ अशी पिलावळच काढली. आज यांतल्या एखाद्या दुनळीसाठी काडतूस शोधताना जो घाम निघतो, त्याचे मूळ या एका हुकमात आहे.

माझ्या मताला एक तगडा प्रतिस्पर्धी आहे. तो म्हणतो, कायदा बाजूला ठेवा आणि यंत्र पाहा. पूर्ण भरलेले .३०३ काडतूस सुमारे ७८ मिलिमीटर लांब, मानलिखरचे ७६. दोन्हींच्या बुडाला बाहेर आलेली कडा, दोन्हींच्या कडेचा व्यास चौदा मिलिमीटरच्या जवळपास. म्हणजे बर्मिंगहॅमच्या बीएसए या बंदूक कारखान्याला ली-एनफिल्डमधला ली, म्हणजे जेम्स पॅरिस ली, याच्या बोल्टमध्ये आणि मॅगझीनमध्ये फारसा फेरफार न करता हे बसवता येत होते. मुद्दा बिनतोड आहे, पण त्यातून फक्त ‘शक्य होते’ एवढेच सिद्ध होते. बीएसएने त्याच लीच्या साच्यावर .३७५ चीही शिकारी रायफल काढली होती. तीही व्यवस्थित बसत होती आणि कुठल्याही सैन्याची नव्हती. तरी टिकली .३१५ च. माझ्या मते किमतीने निकाल लावला. लष्करी काडतूस लाखांनी काढायच्या हिशेबानेच आखलेले असते. शिकारी काडतुसाला ती सोय नसते.

स्वातंत्र्यानंतर १९५९ च्या शस्त्र कायद्यातही .३०३ निषिद्धच राहिली आणि .३१५ ला फारसा पर्याय उरला नाही. पुण्याजवळचा खडकीचा कारखाना १८६९ पासून काडतुसे करतो आहे. बुडावर केएफ म्हणजे ‘किर्की फॅक्टरी’ ही अक्षरे असलेले आठ मिलिमीटरचे काडतूस त्याचेच. व्हिएन्नाने टाकलेले माप मुळा नदीच्या काठी चालू राहिले. जुनी, न बदललेली मानलिखर बाळगणारे परदेशातले हौशी लोक रशियन ७.६२×५४आर ची रिकामी नळकांडी कापून, दाबून आपली काडतुसे घडवतात. आपल्याकडे तेच काडतूस परवान्यावर तयार मिळते.

ज्यांच्या घरी आजोबांची बीएसए .३१५ आहे, त्यांना ही कुळकथा उपयोगाची आहे. पहिले म्हणजे मापाचे नाव फसवे आहे. .३१५ हे नळीतल्या पिळांच्या उंचवट्यांमधले अंतर, गोळी .३२३ ची असते. त्यात फ्रेंच लेबेल आणि सयामी माउझर यांच्याही काडतुसांना ८×५०आर म्हणतात, पण तिन्ही वेगळी आहेत. जुन्या पेटीवर नुसते ‘८ मिमी’ वाचून काडतूस भरू नये. बुडावरचा शिक्का आणि नळीवरची खूण दोन्ही जुळली पाहिजेत. शंका असेल तर जाणत्या कारागिराकडून चेंबरचा साचा काढून माप घ्यावे.

दुसरे, जुन्या काडतुसांच्या टोपीत पोटॅशियम क्लोरेट असे. बार उडाला की नळीत क्षार उरतो, तो हवेतले पाणी ओढतो आणि कोकणच्या पावसाळ्यात रात्रीतून गंज धरतो. तेलात हा क्षार विरघळत नाही. आधी उकळते पाणी ओतायचे, मग गजाला कोरडी चिंधी लावून नळी पुसायची, तेल त्यानंतर. कितीतरी नळ्या नुसत्या तेलाच्या भरवशावर आतून खाल्ल्या गेल्या आहेत.

तिसरे दस्त्याचे. अक्रोडाचे लाकूड आक्रसले की मागचा दस्ता डुलू लागतो आणि लोक आतला लांब बोल्ट पिळायला घेतात. लष्करी एसएमएलई म्हणजे आखूड ली-एनफिल्डच्या धर्तीच्या रायफलीत त्या बोल्टचे चौकोनी टोक पुढच्या लाकडातल्या पट्टीत अडकलेले असते. पुढचे लाकूड आधी उतरवले नाही, तर ते मागच्या बाजूने फुटते, आणि तसे लाकूड आता सहज मिळत नाही.