अमॉर्फिस
फिनलंडमधील हेवी मेटल बँड. स्थापना हेलसिंकी, १९९०. ‘द करेलियन इस्थमस’ (१९९२) या पहिल्या अल्बममधला घोगरा डेथ मेटल पुढे बराच निवळला, गायकही बदलले. तरी या बँडची खरी ओळख नादापेक्षा फिनिश लोककाव्यात शोधावी लागते. ‘टेल्स फ्रॉम द थाउजंड लेक्स’ने (१९९४) ‘कालेवाला’ या महाकाव्यातून, तर ‘एलेजी’ने (१९९६) ‘कान्तेलेतार’ या लोकगीतसंग्रहातून शब्द घेतले. ‘तुओनेला’पासून (१९९९) हा धागा सैल झाला, हा आक्षेप रास्तच आहे. पण तोमी योउत्सेन गायक म्हणून आल्यावर ‘एक्लिप्स’ (२००६) कालेवालातील कुल्लेर्वोच्या शोकांतिकेकडे वळला, आणि उभारीही तिथूनच मिळाली. म्हणून लोककाव्याला निव्वळ सजावट म्हणता येत नाही. ‘सायलेंट वॉटर्स’पासून (२००७) ‘हेलो’पर्यंत (२०२२) गीतलेखन पेक्का काइनुलाइनेन यांचे आहे.