मागावरचे कापड आणि विमानाचे सुकाणू

नारपोलीत विमानाविषयी बोलावयाचे तर आरंभ विमानतळापासून नव्हे, मागापासून करावा हे बरे. या भिवंडीत ताणा-बाणा म्हणजे काय हे लहान पोरालाही सांगावे लागत नाही. आणि विमानविद्येच्या पहिल्या तीस वर्षांचा इतिहास निम्मा कापडाचाच आहे. 1903 साली राइट बंधूंनी आपल्या विमानाचे पंख कोऱ्या मस्लिनने मढविले. ते कापड त्यांनी तिरके लावले, म्हणजे सुतांनीच लाकडी सांगाड्याला बळकटी दिली. युक्ती शिंप्याची, पण पंख तिने पेलला.

पंख सर्वांनाच दिसतात. मला बोलावयाचे आहे ते पंखांच्या व शेपटीच्या मागल्या कडेला बिजागरीवर हलणाऱ्या पाकळ्यांविषयी: एलेरॉन, एलिव्हेटर आणि रडर म्हणजे सुकाणू. वैमानिकाच्या हातापायांचा हुकूम या पाळतात.

त्या लाकडात बांधण्याची रीत सुताराला अवघड नाही. बिजागरीच्या बाजूला स्प्रूसच्या लाकडाची मुख्य पट्टी, तिला सरसाने चिकटविलेल्या हलक्या फासळ्या, आणि मागे निमुळती कड. त्यावर कापडाची पिशवी शिवून चढवावयाची, मेण लावलेल्या दोऱ्याने प्रत्येक फासळीशी टाके घालावयाचे, प्रत्येक टाक्याला गाठ द्यावयाची आणि वर फीत. मग येते डोप. ही विमानाची खळच म्हणा. मात्र ती सुकताना आक्रसते व कापड डफाच्या कातड्यासारखे ताणते. आपल्या कोकणपट्टीच्या पावसाळ्यात हे काम काढू नये. दमट हवेत डोप पांढरट पडते. मागल्या कडेला तळाशी बारीक भोकेही ठेवावी लागतात, नाहीतर साठलेले पाणी लाकूड कुजविते.

कापडाची परीक्षाही कडक. अमेरिकेत ठरलेल्या 'ग्रेड ए' सुती कापडाची इंचभर रुंद पट्टी नवी असताना 80 पौंड ताण सोसणारी हवी; जुनी होऊन 56 च्या खाली आली की ते कापड उतरवावयाचे. दुसऱ्या महायुद्धातील लाकडी मॉस्किटो विमानावर जे सुती कापड चिकटवीत, त्याचे नाव मॅडापोलम. हे नाव गोदावरीच्या मुखाकडील एका विणकरांच्या गावाचे आहे!

या डोपने माणसेही मारली. पहिल्या महायुद्धाच्या आरंभी इंग्लंडातील कारखान्यांत तिच्यात टेट्राक्लोरोइथेन नावाचे द्रावक घालीत. त्याच्या वाफेने यकृत नासे. पंख मढविणाऱ्या कामगारांना, त्यांत स्त्रियाही होत्या, कावीळ होऊ लागली आणि काही दगावले. ते द्रावक मागे पडण्यास 1916 साल उजाडले. लढाईवर न जाता लढाईत पडलेल्या या माणसांची नावे कोणत्या विमानावर कोरलेली नाहीत.

त्याच 1916 साली हँडली पेज यांच्या मोठ्या बाँबफेकी विमानाची शेपटी उडताना भयंकर थरथरू लागली. डावा एलिव्हेटर वर जाई तेव्हा उजवा खाली. लँचेस्टर यांनी सुचविले, दोन्ही एका ताठ नळीने जोडा. पुढल्या वर्षी डी. एच. 9 विमानास तोच विकार जडला. तेथे प्राण गेले, आणि उपाय तोच निघाला. पुढे 1922-23 च्या सुमारास हॉलंडात बाउमहाउअर व कोनिंग यांनी दाखविले की बिजागरीच्या मागे भारी झालेली पाकळी थरथरते. पुढे वजन बसवून तोल साधला की थरथर थांबते.

आपल्याकडे वालचंद हिराचंदांनी 1940 साली बंगलोरला काढलेल्या कारखान्यात कोल्हापूरकडचे डॉ. विष्णू माधव घाटगे यांनी 'पुष्पक' हे कापडाने मढविलेले दोन आसनी विमान रचले. ते 28 सप्टेंबर 1958 रोजी प्रथम उडाले आणि फ्लाइंग क्लबांतून पुष्कळांचे हात त्याच्यावर बसले.

घरच्या घरी विमान बांधणारे हौशी लोक आता बहुधा पॉलिएस्टर वापरतात आणि ते इस्तरीने ताणतात. पण जुना नियम त्यांनाही चुकत नाही. सुकाणूला एक ठिगळ लावले किंवा रंगाचा एक हात जादा दिला, तरी ते उतरवून, बिजागरीवर टांगून त्याचा तोल पुन्हा पाहावा लागतो.