कसाबचं वकीलपत्र

परभणीच्या जिल्हा न्यायालयाबाहेर चहा पिताना एक प्रश्न हमखास येतो: "वकीलसाहेब, यानं गुन्हा केलाय हे दिसत असूनही तुम्ही त्याच्या बाजूनं कसे उभे राहता?" मी मग २००९ सालची मुंबई सांगायला लागतो.

२६/११ च्या हल्लेखोरांपैकी अजमल कसाब एकटाच जिवंत सापडला होता. मुंबईतल्या दंडाधिकारी न्यायालयांच्या वकील संघटनेनं त्याचं वकीलपत्र कुणी घ्यायचं नाही, असा ठराव केला. राग खराच होता. पण वकिलाशिवाय खटला चालवायचा कसा? ३० मार्चला विशेष न्यायाधीश एम. एल. ताहिलियानी यांनी अंजली वाघमारे यांची नेमणूक केली. त्याच रात्री त्यांच्या वरळीच्या घरासमोर शिवसैनिकांनी निदर्शनं केली. त्यांनी विचाराला वेळ घेतला, आणि काम करायला तयार झाल्या. बार कौन्सिलचा नियमही हेच सांगतो: आरोपी दोषी आहे असं मनात वाटलं तरी त्याचा बचाव करायचा.

१५ एप्रिलला मात्र कोर्टानंच त्यांना दूर केलं. हल्ल्यातल्या एका साक्षीदाराचं नुकसानभरपाईचं प्रकरणही त्यांच्याकडेच होतं. आता त्याची उलटतपासणी त्या कशी घेणार? कडक घेतली तर एका अशिलाचं नुकसान, सौम्य घेतली तर दुसऱ्याचं. गर्दीला त्या नको होत्या, पंधरा दिवसांत कोर्टालाही नको झाल्या. पण गर्दीचं कारण चूक होतं आणि कोर्टाचं बरोबर.

आमच्याकडे हा पेच रोजचा. जिंतूर-सेलूकडचे दोन भाऊ बांधावरून भांडतात आणि दोघंही एकाच वकिलाकडे येतात, "तुम्ही तर घरचेच" म्हणत. एकाचं सगळं ऐकून घेतल्यावर दुसऱ्याला नाही म्हणणं अवघड जातं. नात्यात कटुता येते, फी जाते ती वेगळीच.

पुढे अब्बास काझमी आले, नोव्हेंबरात त्यांनाही काढलं, मग के. पी. पवार. २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तमिळनाडूच्या एका प्रकरणात असे बहिष्काराचे ठरावच बेकायदा ठरवले. कसाबची फाशी २९ ऑगस्ट २०१२ ला कायम झाली. त्याच निकालात न्यायालयानं दंडाधिकाऱ्यांवर एक काम टाकलं: आरोपी पहिल्यांदा समोर आला की त्याला सांगायचं, तुला वकिलाचा हक्क आहे, ऐपत नसेल तर सरकार देईल. आज परभणीत मोटारसायकल चोरीत पकडलेलं पोरगं उभं केलं, तरी त्याला हे सांगावंच लागतं.